आधी नऊने भागून बघ

महिनाअखेरीची संध्याकाळ होती. बँकेचं स्टेटमेंट एका बाजूला, आमची खातेवही दुसऱ्या बाजूला आणि दोन्हींच्या शिलकीत १८० चा फरक. नोंदी साडेचारशेच्या वर. माझ्या शेजारी तीन दिवसांपूर्वी रुजू झालेली मुलगी बसली होती. तिने पट्टी घेतली, पहिल्या ओळीखाली धरली आणि एकेक नोंद ताडून बघायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं. म्हटलं, “थांब, आधी नऊने भागून बघ.”

तिने भागलं. २० आले, बाकी शून्य.

“म्हणजे कुणीतरी आकडे उलटे टाकलेत. आणि भागाकार २० आलाय, म्हणजे शतक आणि दशक या दोन घरांतले. त्या दोन आकड्यांत दोनाचा फरक असणार. तसेच आकडे शोध.”

पाचेक मिनिटांत सापडलं. बँकेत ३,६४०, आमच्याकडे ३,४६०. सहा आणि चार यांची अदलाबदल. तिने दुरुस्ती केली, फरक शून्य झाला आणि ती चक्क टाळी वाजवून हसली. मलाही हसू आलं. मग तिने अगदी सहज विचारलं, “ताई, तुम्हाला हे काम खूप आवडतं ना?”

“नाही,” मी म्हटलं.

चौदा वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. तिचा चेहरा पडला. मी रागावले की काय, असं तिला वाटलं असावं. मी अजिबात रागावले नव्हते. त्या क्षणी मी खरोखर समाधानात होते. काम आवडत नाही हे खरं आणि मी समाधानात आहे हेही खरं. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कशी खरी असतात, हे मला तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. घरी आल्यावरही डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

मला काय आवडत नाही ते आधी सांगते, कारण ‘काम आवडत नाही’ हे वाक्य फार मोघम आहे आणि मोघमपणानेच मला कित्येक वर्षं छळलं. मी हिशेब विभागात ताळमेळ लावायचं काम करते. बँक काय म्हणते, आमची वही काय म्हणते, पुरवठादाराचा हिशेब काय म्हणतो, हे जुळवायचं. जुळलं की महिना बंद. दुसऱ्या दिवशी नवा महिना, पाटी कोरी. सुतार खुर्ची करतो, ती राहते. मास्तर मुलांना शिकवतात, मुलं मोठी होतात. माझं काम उत्तम झालं की हाती येतं शून्य. शून्याबद्दल कुणी विचारत नाही. १८० चा फरक आला की मात्र तीन फोन येतात. शिवाय मला माणसांत राहायला आवडतं, बोलायला आवडतं, आणि दिवसाचे आठ तास माझी सोबत आकड्यांशी. बस, एवढंच. साहेब वाईट नाहीत, पगार वेळेवर होतो, अपमान होत नाही. फक्त हे काम माझ्या स्वभावाचं नाही.

मग सोडत का नाहीस, असं विचारणारे भेटतात. घरात कर्त्या माणसांवर जे असतं तेच माझ्यावर आहे: कर्जाचे हप्ते, आईचं आजारपण, मुलीचं शिक्षण. पण ते अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण त्याची लाज वाटायची. मला दुसरं काय आवडतं, हेच मला धड ठाऊक नव्हतं. ‘तुझी आवड शोध आणि तिच्यामागे जा’ असं जो तो सांगतो. प्रत्येकाच्या आत एक ठसठशीत आवड दडलेली असते आणि नोकरीने तिचा गळा दाबलेला असतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. माझ्या आत मी खूप शोधलं. मला वाचायला आवडतं, गप्पा आवडतात, लांबवर चालायला आवडतं. त्यातल्या कशावरही घर चालत नाही आणि कशासाठीही सगळं सोडून द्यावं अशी ओढ मला कधी लागली नाही. अशी माणसं खूप असणार. आमच्यासाठी कुणी फारसं लिहीत नाही.

पहिली सात-आठ वर्षं फार वाईट गेली, आणि ती कामाने वाईट गेली नाहीत, हे मला उशिरा कळलं. मी तेव्हा दोन कामं करत होते. एक ताळमेळाचं, आठ तासांचं. दुसरं ते काम नावडून घेण्याचं, त्याला सुट्टीच नव्हती. सकाळी जिना चढतानाच मनात सुरू व्हायचं: परत तेच. दुपारी आम्हा चौघींच्या मोबाइलवरच्या गटात एकीने ‘कंटाळा’ असं लिहिलं की बाकीच्या तिघी त्यात भर घालायच्या, आणि तासाभराने मी उठायचे ती आधीपेक्षा जड होऊन. रविवारी दुपार कलली की पोटात गोळा. सुट्टी घेऊन चार दिवस कुठे गेले तर तिसऱ्या दिवसापासून परतीचे तास मोजायचे. घरी कुणी ‘कसा गेला दिवस?’ विचारलं की मी तो दिवस पुन्हा सगळाच्या सगळा सांगायचे, म्हणजे एकच नकोसा दिवस दोनदा जगायचे. हे दुसरं काम मला कुणी दिलेलं नव्हतं. त्याचा पगारही नव्हता.

त्या चौघींचा गट मी सोडला नाही, मैत्रिणी चांगल्या होत्या. फक्त ‘कंटाळा’ या शब्दावर उत्तर देणं बंद केलं. त्याऐवजी एकदा मी लिहिलं, “कशाचा? नक्की कशाचा?” बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकीने लिहिलं की तिला त्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा त्रास होतो, दुपारी डोकं धरतं. ट्यूबलाइट आठवड्याभरात बदलून मिळाली. कंटाळा बदलून मिळाला नाही, पण त्यातला एक तुकडा कमी झाला. तेव्हापासून मी माझ्याही नावडीचे तुकडे करायला लागले. वर जे लिहिलंय की पाटी दर महिन्याला कोरी होते, शून्याला कुणी विचारत नाही, माणसं भेटत नाहीत, तो त्याच तुकड्यांचा हिशेब आहे. यातलं पहिलं माझ्या हातात नव्हतं. दुसरं आणि तिसरं थोडंफार होतं.

आता सरांबद्दल सांगायला हवं. नऊने भागायला मला त्यांनी शिकवलं. मी रुजू झाले तेव्हा त्यांची निवृत्ती पाच-सहा वर्षांवर आली होती. सावकाश बोलायचे, कधी घाई नाही. माझ्या पहिल्याच महिनाअखेरीला मी रडकुंडीला आले होते. ते माझ्या टेबलाशी आले, फरकाचा आकडा पाहिला आणि म्हणाले, “अगं, असं सुरुवातीपासून कुठे शोधत बसलीस? आधी आकड्यालाच विचार ना, तू कुठून आलास म्हणून.”

फरकाचा आकडा बोलतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. फरक नऊने भागला गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी. हे असं का, हे मी त्या रात्री कागदावर करून पाहिलं आणि शाळेतलं गणित इतक्या वर्षांनी उपयोगी पडलेलं पाहून मला भरून आलं. दशकस्थानी एक आकडा आणि एककस्थानी दुसरा असेल तर संख्या होते पहिल्याची दहापट अधिक दुसरा. उलटं केलं तर दुसऱ्याची दहापट अधिक पहिला. एकातून दुसरी वजा करा, उरते त्या दोन आकड्यांच्या फरकाची नऊपट. नेहमी, न चुकता नऊपट. फरक सम आला तर तो निम्मा करायचा आणि त्या रकमेची नोंद शोधायची, कारण जमेची (क्रेडिट) रक्कम चुकून नावे (डेबिट) पडली असेल तर तफावत दुप्पट दिसते. फरक ६, ६० किंवा ६०० असेल तर हाताने लिहिलेली बिलं काढायची. कुणीतरी १ चा ७ वाचला असेल किंवा ७ चा १. सरांनी हे सगळं एका जुन्या वहीत लिहून ठेवलं होतं, बारीक अक्षरात, दरवेळी सापडलेल्या चुकीसकट. निवृत्त होताना ती वही त्यांनी मला दिली. वहीच्या शेवटच्या पानांवर चुकांची कारणं होती. ‘दोन फोन मध्ये आले.’ ‘घरी आजारपण.’ ‘जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची नोंद.’ चूक करणाऱ्याचं नाव एकदाही नाही.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, “सर, तुम्हाला हे काम आवडायचं का हो?”

ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “आवडीचं तेव्हा कुणी विचारलं नाही गं. पण चूक सापडली की बरं वाटतं ना? तेवढं आपलं.”

‘तेवढं आपलं’ हे दोन शब्द मी पुष्कळ वर्षं मनात वागवते आहे. आठ तासांतलं सगळं आपलं असायला हवं, असा माझा हट्ट होता. नव्हतं म्हणून मी सगळंच परकं करून टाकलं होतं, त्यातलं जे माझं होऊ शकलं असतं तेसुद्धा. चूक सापडण्याचा तो क्षण, दोन्ही बाजू जुळून शून्य येण्याचा तो क्षण, हे महिन्यातून आठ-दहा वेळा तरी येतं. त्या क्षणांना मी कधी माझं म्हटलंच नव्हतं. म्हटलं असतं तर ‘काम आवडत नाही’ हे खोटं ठरेल अशी भीती वाटायची. ती भीती उगाच होती. नावडत्या कामातला एखादा कोपरा आवडला म्हणून सगळं काम आवडल्याचा करार होत नाही.

सरांच्या वहीमुळे मला या कामाच्या मुळाशी जावंसं वाटलं. दर रकमेची दोन ठिकाणी नोंद करायची, एकदा नावे आणि एकदा जमा, ही पद्धत इटलीतले व्यापारी फार पूर्वीपासून वापरत होते. लुका पाचोली नावाच्या गणितज्ञ भिक्षूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. म्हणजे मी रोज जे करते ते पाचशे वर्षांहून अधिक काळ माणसं करत आली आहेत, मेणबत्तीच्या उजेडात, बोरूने, आणि त्यांनीही रात्री उशिरा तोच न सापडणारा फरक शोधला असणार. हे वाचून काम आवडायला लागलं असं नाही. एकटेपणा मात्र कमी झाला.

फ्रान्झ काफ्काचंही मला असंच झालं. तो लेखक म्हणून जगभर माहीत आहे, मला तो कारकून म्हणून जवळचा वाटतो. प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याचं काम बघणाऱ्या निमसरकारी संस्थेत तो १९०८ साली लागला आणि १९२२ मध्ये क्षयामुळे निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. सकाळी आठ ते दुपारी दोन कचेरी, लेखन रात्री. कचेरीबद्दल त्याने डायरीत आणि पत्रांत मनसोक्त गाऱ्हाणी केली आहेत. पण त्याने लिहिलेला एक कचेरीतला अहवाल आहे, लाकूड रंधण्याच्या यंत्रांवरचा. तेव्हा या यंत्रांचा पात्याचा दांडा चौकोनी असायचा. त्यामुळे पातं आणि टेबल यांच्यामध्ये फट राहायची आणि कामगाराचा हात सटकला की बोटं त्या फटीत जायची. गोल दांडा बसवला की ती फट जवळजवळ बुजते. अहवालात हे चित्रांनिशी दाखवलं आहे: चौकोनी दांडा, गोल दांडा आणि तुटलेल्या बोटांचे हात. नोकरी नकोशी असलेला माणूस हे लिहीत होता आणि लिहिताना त्याने कसूर केली नाही, कारण त्या कागदाच्या पलीकडे कुणाची तरी बोटं होती. त्याला तिथे बढत्याही मिळत गेल्या. ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘मी हे नीट करीन’ यांत काही वैर नसतं, हे मला त्या रंध्याच्या यंत्राने पटवलं.

माझ्या कागदाच्या पलीकडे कोण आहे, हे मला एका फोनने कळलं. खोके पुरवणारे एक छोटे व्यावसायिक. त्यांची एक रक्कम तीन महिने अडकली होती. ते दर सोमवारी फोन करायचे आणि आमच्याकडून दर सोमवारी उत्तर जायचं: हिशेबात दिसत नाही. एका सोमवारी फोन उचलणारा माणूस रजेवर होता, म्हणून तो फोन माझ्याकडे आला. पलीकडून आवाज आला, “ताई, तुम्ही नवीन दिसता. एकदा तुम्ही बघता का?” आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं. मी त्यांच्याकडून बिलाचा क्रमांक घेतला आणि वही उघडली. बिलाच्या क्रमांकातच दोन आकडे उलटे पडले होते. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, क्रमांक चुकीचा, म्हणून संगणकाने ते बिल दुसऱ्याच पुरवठादाराच्या खात्यात लटकवून ठेवलेलं. दुरुस्तीला चार मिनिटं लागली. तीन दिवसांनी त्यांचा परत फोन आला, “ताई, मिळाले. दोन पोरांचा पगार थांबला होता माझ्याकडे.”

मी फोन ठेवला आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. न जुळलेल्या नोंदींची यादी होती, बावीस ओळी. त्या दिवसापर्यंत मला त्या बावीस ओळी दिसायच्या. त्या दिवशी बावीस सोमवार दिसले.

नंतर मी साहेबांना जाऊन सांगितलं की ३० दिवसांहून जुन्या न जुळलेल्या नोंदींचे फोन मी करीन. ते म्हणाले, तुमच्या कामात येत नाही हे. मी म्हटलं, माहीत आहे, पण जमवते. आठवड्यातून दोन दुपारी मी ते फोन करते. काम वाढलं, आणि तरीही दिवस हलका झाला, कारण मला माणसं मिळाली. पुढे कधीतरी वाचनात आलं की एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन अमेरिकन संशोधिकांनी २००१ साली नेमकं यावरच लिहिलं होतं. त्यांच्या मांडणीत रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. काहीजण आपलं काम म्हणजे फरशी पुसणं एवढंच मानायचे. त्याच पगारावर तेच काम करणारे काहीजण रुग्णांशी दोन शब्द बोलायचे, परिचारिकांच्या वेळा बघून आपली कामं लावायचे आणि स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांतलं एक समजायचे. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. आपल्या कामाच्या कडा त्यांनी स्वतःच थोड्या सरकवल्या होत्या.

यात एक धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कडा सरकवायलासुद्धा थोडी मोकळीक लागते. ती जिथे नसते तिथे ‘समाधान मानून घे’ असं कुणाला सांगणं हा अन्याय आहे. या नोकरीच्या आधी मी दुसरीकडे होते, दीड वर्ष. तिथले वरिष्ठ सगळ्यांसमोर कागद टेबलावर आपटायचे. पाणी प्यायला उठलं तरी विचारायचे. मला तिथे रात्री झोप लागायची नाही, सकाळी छातीत धडधडायचं, आणि मी स्वतःलाच समजावत होते की माणसाने जुळवून घ्यायला शिकावं. नाही. तिथून निघणं हेच बरोबर होतं आणि मी सहा महिने उशिरा निघाले. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दहा हजारांहून अधिक माणसं होती. कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या गळाठ्याची (इंग्रजीत ‘बर्नआउट’) जी व्याख्या स्वीकारली तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती पार संपणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. पुढे मी ती वाचली तेव्हा ते दीड वर्ष डोळ्यांसमोरून सरकलं. तेव्हा मला यातलं एकच नव्हे, तिन्ही होतं. नावडणं आणि झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठे झिजतो आहोत हे आपलं शरीर आपल्याआधी ओळखतं. ज्याची झोप उडाली आहे त्याने माझं हे लिखाण बाजूला ठेवावं आणि आधी कुणाशी तरी बोलावं, डॉक्टरांशी, घरच्यांशी.

पैशाबद्दलही स्पष्ट लिहिते, कारण समाधानाच्या गप्पांत तो कुणी काढत नाही. माझ्या समाधानाचा एक मोठा भाग बँकेत आहे. चार वर्षं थोडं थोडं बाजूला टाकून मी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम साठवली. ती पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा जिना तोच होता, आणि तरी चढताना वेगळं वाटलं. आता मी अडकलेली नव्हते. मी ठरवून येत होते. गंमत अशी की निघायची सोय झाल्यावर निघायची घाई गेली. ज्यांना एवढं साठवणं शक्यच नाही त्यांची स्थिती माझ्याहून कठीण आहे हे मला माहीत आहे. त्यांना मी मनाच्या व्यायामाचे उपदेश करणार नाही.

राहिली संध्याकाळ. मी कचेरीतून निघायचे पण कचेरी माझ्यातून निघायची नाही. न सापडलेला फरक रात्री भांडी घासतानाही डोक्यात फिरायचा. याचंही कारण आहे. ब्लुमा झाइगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांतून १९२७ साली मांडलं होतं की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच तुटलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. नंतर काहींना त्यांचे निष्कर्ष तसेच मिळाले, काहींना मिळाले नाहीत. पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेली गोष्ट मला रोजच्या उपयोगाची वाटते: अर्धवट काम पूर्ण केलं नाही, फक्त ते केव्हा आणि कसं करायचं याचा नेमका बेत केला, तरी मन त्याला टोचत राहायचं थांबतं.

मी आता निघण्याआधी दहा मिनिटं हात थांबवते. सरांच्या वहीतल्या कोऱ्या पानावर तारीख टाकते आणि एकच ओळ लिहिते. ‘उद्या आल्यावर पहिलं: १४ तारखेच्या नोंदी, ६० चा फरक, हाताने लिहिलेली बिलं.’ इतकं नेमकं. ‘उद्या फरक शोधणे’ असं लिहिलं तर उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय. मग वही मिटते, खणात ठेवते, खणाला किल्ली लावते. किल्ली फिरल्याचा आवाज होतो. पहिले काही महिने त्या आवाजाचा काही परिणाम झाला नाही. नंतर कधीतरी लक्षात आलं की दारापर्यंत पोचते तेव्हा मी घराचा विचार करत असते. घरी ‘कसा गेला दिवस?’ विचारलं तर आता एखादीच गोष्ट सांगते, त्या दिवसातली जी माझी असेल ती. कधीकधी काहीच नसते, तेव्हा ‘गेला’ म्हणते आणि मुलीला विचारते तिचा कसा गेला. इतकी वर्षं ती बोलत होती आणि मी अर्धी कचेरीत होते, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

वाईट दिवस अजूनही येतात. तिमाही संपताना सलग पाच दिवस उशीर होतो, तेव्हा मलाही नकोसं होतं आणि त्या आठवड्यात मी समाधानी वगैरे नसते. तेव्हा मी समाधान शोधायला जात नाही. फक्त त्या पाच दिवसांना पाचच दिवस ठेवते.

काल परत महिनाअखेर होती. फरक आला ८४६ चा. मी काही बोलले नाही, माझ्या कामात होते. ती मुलगी कागदावर काहीतरी करत बसली होती. नऊने भागलं असणार, ९४ आले असणार, आणि मग अडली असणार; कारण शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडून ९४ चा भागाकार येतच नाही. मला सांगायचा मोह झाला. मी जीभ आवरली. वीसेक मिनिटं गेली. तिने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. एकदा डोळे मिटून बसली.

मग एकदम म्हणाली, “ताई! ९४ हीच नोंद आहे! आपल्याकडे ९४ टाकलंय, बँकेत ९४० आहे. शून्यच राहून गेलंय! दहापट चुकली की फरक नऊपट पडणारच ना, म्हणून भागाकारात चुकीची नोंदच येते!”

हे सरांच्या वहीत नव्हतं. मी खण उघडला, वही काढली, तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, “लिही इथे. तारीख घाल. आणि कारण पण लिही.”

तिने तारीख लिहिली, चूक लिहिली. कारणापाशी थांबली आणि म्हणाली, “कुणाची चूक आहे ते बघू का?”

“ते नको,” मी म्हटलं. “किती वाजताची नोंद आहे ते बघ.”

जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची होती.